हक्क, माध्यमं आणि जग: सोलापूरच्या वर्गात सुरुवात कुठून करायची?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत आठवी-नववीला सामाजिक शास्त्रं शिकवणाऱ्या एका तरुण शिक्षकांचा हा प्रश्न आहे. जागतिक नागरिकत्व, मानवी हक्क आणि माध्यम साक्षरता यांवर त्यांना वर्षभर तास घ्यायचे आहेत. हाती लागतं ते साहित्य बहुतेक इंग्रजीत आहे आणि युरोपातल्या मुलांसाठी लिहिलेलं आहे. वर्गात पंचावन्न मुलं बसतात. कुणाच्या घरी तेलुगू बोलतात, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू, कुणाच्या मराठी. प्रोजेक्टर चालेलच असं नाही. मुख्याध्यापकांना वाटतं की ‘हक्क’ म्हटलं की राजकारण शिरणार. तर नेमकं कोणतं साहित्य वापरावं?

सर, थोडक्यात उत्तर आधी देते. साहित्य भरपूर आहे, बरंचसं फुकट आहे आणि कामाचं तेवढं निवडायला एखादा रविवार पुरतो. त्यातून शिकवण्याची पद्धत घ्या. आशय मात्र सोलापूर जिल्ह्यातून घ्या, तो इथे हवा तेवढा आहे. आणि तीन विषयांच्या तीन फायली करू नका. हे तिन्ही एकाच घटनेत कसे गुंतलेले असतात हे मुलांना एकदा दिसलं, की पुढचे तास ती स्वतःच ओढून नेतात. मी बरीच वर्षं इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते आहे, शिक्षकांच्या प्रशिक्षणांतही असते, आणि नववीची सुरुवात मी नेहमी एकाच घटनेपासून करते.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस होता. भिक्षा मागत फिरणारी पाच माणसं तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या भागात मोबाइलवरून पसरलेली होती. जमावाने या पाच जणांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, आणि त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले होते.

त्या वर्षी देशभर मुलं पळवण्याच्या अफवांबरोबर जे व्हिडिओ फिरत होते, त्यांतला एक कराचीचा होता. मोटरसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणारं मूल उचलतात आणि निघून जातात. मूळ चित्रफीत तिथल्या हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने जनजागृतीसाठी बनवली होती. तिच्या शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि पालकांसाठी संदेश दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला आणि उरलेला तुकडा भारतातली खरी घटना म्हणून पुढे पाठवला.

हा व्हिडिओ वर्गात दाखवू नका. मारहाणीची दृश्यं तर मुळीच नकोत. मी फक्त तोंडी सांगते आणि फळ्यावर एक साखळी काढते: बनवणारा, कापणारा, पाठवणारा, पुढे ढकलणारा, बघणारा, बाजारात ओरडणारा, हात उगारणारा, बाजूला उभा राहणारा. मग विचारते, की ही साखळी कुठे तुटू शकली असती? मुलं बराच वेळ भांडतात, आणि त्या भांडणात तुमचे तिन्ही विषय येऊन जातात. शेजारच्या देशातली चित्रफीत इथे कशी आली, हे जग. ती कापलेली आहे हे कसं ओळखायचं, ही माध्यमं. आणि समजा ती माणसं खरोखर संशयित असती, तरी जमावाला काय अधिकार होता, हे हक्क. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा अधिकार देणारं संविधानाचं कलम २१ इथे वाचून घ्या. देशभर मुक्तपणे फिरण्याचा अधिकार देणारं कलम १९ही इथेच वाचून घ्या, कारण फिरणं हाच त्या माणसांचा ‘गुन्हा’ ठरला होता.

दुसऱ्या तासाला मी मागे जाते. भटक्या माणसाकडे संशयाने बघायला आपण कुठे शिकलो? १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. त्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, त्यांची नोंदणी केली, हजेरी लावली. त्या कायद्याखाली सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. आपण आजही त्या भागाला सेटलमेंट म्हणतो, मुलं तिथून सायकलवरून जातात आणि हे नाव का पडलं ते त्यांना ठाऊक नसतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, म्हणून या जमातींना विमुक्त म्हणतात. तुमच्या वर्गात या समाजांची मुलं असतील असं धरूनच बोला. ‘तू सांग, तुमच्याकडे काय झालं’ असं कुणालाही उभं करून विचारू नका. मूल स्वतःहून बोललं तर मात्र तास बाजूला ठेवून ऐका.

आता माध्यम साक्षरतेच्या साहित्याकडे येते. मला सगळ्यांत कामाला आलेली गोष्ट अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या इतिहास शिक्षण गटाची. व्यावसायिक पडताळणीकार (बातम्या खऱ्या की खोट्या ते तपासणारे), इतिहासाचे प्राध्यापक आणि विद्यार्थी अनोळखी संकेतस्थळ कसं वाचतात, याचा त्यांनी अभ्यास केला. प्राध्यापक आणि विद्यार्थी त्या पानावरच थांबून ते बारकाईने वाचत बसले. पडताळणीकार काही क्षणांत तिथून बाहेर पडले आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते बघायला लागले. त्यावरून स्टॅनफर्डच्या गटाने तीन प्रश्न तयार केले: ही माहिती कोण देतंय? त्याच्याकडे पुरावा काय आहे? इतर ठिकाणी काय म्हटलंय? हे तीन प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून वर्गात टांगा. शुद्धलेखनाच्या चुका शोधा, भडक अक्षरं बघा असल्या जुन्या याद्या मी शिकवणं सोडलं आहे. आता खोटा मजकूर सुबक भाषेत येतो, यंत्राने बनवलेलं चित्र डोळ्यांना पटतं, आणि खरा मजकूर कधीकधी चुकांनी भरलेला असतो.

इंटरनेट नसेल तरी हे शिकवता येतं. दोन फोटो छापून आणा. पावसाळ्यात उजनीतून पाणी सोडलं की पंढरपूरच्या पुराचे म्हणून भलत्याच गावांचे व्हिडिओ फिरतात, त्यांतलं एखादं चित्र थांबवून छापून घ्या. गाड्यांच्या पाट्या, दुकानांच्या फलकांवरची लिपी, नदीवरचा पूल, लोकांचे कपडे एवढ्यावरून जागा ठरवायला सांगा. याबाबतीत सोलापूरची मुलं पुढे आहेत हे मी अनुभवाने सांगते. एमएच १३ तर त्यांना पाठच असतं, शिवाय वर्गात कन्नड ओळखणारा एक, तेलुगू वाचणारी दोघं, उर्दू लावणारे चार निघतात. एकट्या मुलाला जे जमत नाही ते गटाला पाच मिनिटांत जमतं. नंतर तुमच्या फोनवर गूगल लेन्सने तोच फोटो शोधून दाखवा, पण आधी त्यांना डोकं चालवू द्या.

मराठीत पडताळणीचं काम करणारी पानं आहेत. न्यूजचेकर आणि फॅक्ट क्रेसेंडो या दोन्हींची मराठी आवृत्ती निघते, आणि पडताळणी कशी केली त्याच्या पायऱ्या तिथे दिलेल्या असतात. त्या पायऱ्याच वर्गात वाचा. ‘हे खोटं आहे’ हा निकाल वाचून मूल काही शिकत नाही. ‘आम्ही आधी हे शोधलं, मग त्यांना फोन केला’ हे वाचून शिकतं. फॅक्टशाला या उपक्रमाचे प्रशिक्षक भारतीय भाषांमध्ये कार्यशाळा घेतात. सरकारी योजनांबद्दलच्या अफवांसाठी पीआयबीची, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची, पडताळणी उपयोगी पडते. पण तेही एक ‘कोण देतंय’ आहेच आणि तो प्रश्न सरकारी माहितीलाही लागतो, हे मुलांना सांगायला बिचकू नका.

तुमचं सगळ्यांत मोठं भांडवल मात्र तुमच्या शहराच्या चार भाषा आहेत. एकच बातमी चार भाषांतल्या वर्तमानपत्रांत कशी आली ते लावून बघा. संचार आपल्या शहरातच निघतो. कन्नडमध्ये प्रजावाणी, तेलुगूत ईनाडू, उर्दूत इन्किलाब यांच्या इंटरनेट आवृत्त्या मिळतात. वाचून दाखवायला घरचं कुणीतरी बोलवा. विडी वळणाऱ्या एका आजींनी तेलुगू बातमी वाचून मराठीत सांगितली, तेव्हा माझ्या वर्गात जी शांतता होती तशी माझ्या तासाला कधी नसते. विषय कोणता घ्यायचा? नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सोलापूर-अक्कलकोटच्या कन्नड भाषक भागावर दावा सांगितला होता. त्या आठवड्यातल्या मराठी आणि कन्नड बातम्या शेजारी ठेवल्या, तर मथळे, फोटो आणि कुणाला बोलतं केलंय हे सगळं वेगळं दिसतं. दोन्हीकडे एकही खोटं वाक्य नसताना चित्र उलटं उभं राहतं. अफवेपेक्षा हा धडा अवघड आहे, म्हणून तो दिवाळीनंतर घ्या, मुलं एकमेकांना ओळखू लागली की.

‘तज्ज्ञ बोलावून एक व्याख्यान ठेवू’ असा प्रस्ताव तुमच्यापुढे येईल. नम्रपणे नको म्हणा. बिहारमध्ये २०१९ च्या निवडणुकीच्या काळात संशोधक सुमित्रा बद्रिनाथन यांनी घरोघरी जाऊन साधारण तासाभराचं प्रशिक्षण देऊन पाहिलं. लोकांची खोटं ओळखण्याची क्षमता त्याने एकंदरीत वाढली नाही. पुढे त्याच राज्यात शाळकरी मुलांसाठी अनेक आठवडे चालणारा वर्ग घेतला, तेव्हा मात्र फरक पडला आणि तो टिकलाही. मी तर म्हणेन, आठवड्याला वीस मिनिटं द्या, पण ती चुकवू नका. मुलांना एक खातरजमा वही करायला लावा. आठवड्यात घरी आलेला एक मजकूर, त्यावर ते तीन प्रश्न आणि शेवटी आपला निष्कर्ष. ‘अजून कळलं नाही’ हाही निष्कर्ष चालतो, आणि त्यालाही पूर्ण गुण द्या. वहीत घरच्यांचं नाव लिहायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. मुलाने घरी जाऊन आजोबांना ‘तुम्ही खोटं पाठवता’ म्हटलं की दुसऱ्या दिवशी आजोबा शाळेत येतात. ‘आजोबा, हे तुम्हाला कुठून आलं?’ एवढंच विचारायला शिकवा. आजोबाच शोधायला लागतात.

हक्कांकडे वळते. मानवी हक्कांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ चा, त्यात तीस कलमं. त्याचं मराठी भाषांतर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर मिळतं. भाषा सरकारी आहे, नववीच्या मुलाला ती एका दमात पचत नाही. म्हणून एका गटाला दोन-तीन कलमं द्या आणि आपल्या घरी बोलतो तशा भाषेत लिहायला सांगा. तेलुगूत लिहिलं तरी चालेल, सोलापुरी मराठीत तर हवंच. मुलांच्या हक्कांचा करार १९८९ चा, भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. युनिसेफने त्याची मुलांसाठी सोप्या वाक्यांची आणि चित्रांची आवृत्ती काढली आहे. चित्रं छापा, मजकूर मुलांकडून लिहून घ्या. संविधानाची मराठी प्रत ग्रंथालयात असायलाच हवी. आणि बालभारतीला विसरू नका. सातवीच्या नागरिकशास्त्रात मूलभूत हक्क आहेत, नववीच्या राज्यशास्त्रात संयुक्त राष्ट्रे आणि आंतरराष्ट्रीय समस्या, दहावीच्या इतिहासात प्रसारमाध्यमांवर अख्खा पाठ आहे. ई-बालभारतीवर ही पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. ‘अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवता’ असं कुणी म्हणालं तर पाठ उघडून दाखवता येतो.

हक्क ही बाहेरून आलेली कल्पना आहे, असं एखादा हुशार मुलगा म्हणतोच. त्याला हंसा मेहतांविषयी सांगा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात स्त्रियाही स्पष्टपणे आल्या पाहिजेत हा आग्रह त्यांनी धरला आणि शब्दरचना बदलून घेतली. आपल्या संविधान सभेतही त्या होत्या. आणि मग त्याला पंढरपूरला न्या. जाहीरनाम्याच्या आदल्याच वर्षी, १ मे १९४७ ला, साने गुरुजींनी तिथे आमरण उपोषण सुरू केलं. मागणी एकच होती, विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं करा. १० मे ला उपोषण सुटलं, मंदिराचे दरवाजे उघडले. आषाढीला दिंडीत चालणारी मुलं तुमच्या वर्गात असतील. ज्या दारातून ती सहज आत जातात ते दार केव्हा आणि कशामुळे उघडलं, हे त्यांना कळायला हवं.

मार्शल लॉचा पाठ तर सोलापूरकर शिक्षकाने घ्यायलाच हवा. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर उठलं, गोळीबार झाला, काही दिवस इंग्रजांचा अंमल राहिलाच नाही. १२ मे ला लष्करी कायदा लागला. तिरंगा लावणं, गांधी टोपी घालणं हासुद्धा गुन्हा झाला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. चौघांचे पुतळे मुलं रोज बघतात. मी चार नावं पाठ करून घेत नाही. जाहीरनाम्याची तीस कलमं हातात देते आणि विचारते, की त्या दीड महिन्यात सोलापुरात यांतली कोणती मोडली गेली? मनमानी अटक, निष्पक्ष सुनावणी, मत मांडण्याचं स्वातंत्र्य, सभा घेण्याचं स्वातंत्र्य, यादी वाढतच जाते. कुर्बान हुसेन वृत्तपत्र चालवायचे हे सांगितलं की माध्यमांचा धागा पुन्हा हाती येतो. त्याच वेळी पोलीस चौकीतल्या पोलिसांच्या हत्येबद्दलही बोला. खटला त्याच आरोपावर उभा होता. हक्कांचा पाठ मरणाऱ्याचा गणवेश बघून थांबत नाही, हे चौदा वर्षांच्या मुलांना पेलतं. सरकारने काय सांगितलं, गावाने काय सांगितलं, दोन्ही ठेवा आणि तेच तीन प्रश्न लावा.

हक्कांच्या पाठांचा आणखी एक झरा घरातला, आणि तिथे पाऊल जपून टाका. तुमच्या मुलांच्या आया विड्या वळतात. हजार विड्यांमागे मजुरी मिळते, तपासणीत काही बाजूला काढल्या जातात. विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये वेगळा कायदा का करावा लागला, भविष्य निर्वाह निधी म्हणजे काय, ओळखपत्राने काय मिळतं, हा हक्कांचा अस्सल पाठ आहे. जाहीरनाम्याचं तेविसावं कलम रास्त मजुरीचं आहे आणि चोविसावं विश्रांतीचं. चोविसावं वाचल्यावर एका मुलीने विचारलं होतं, ‘बाई, हे आईला पण लागू आहे का?’ त्या दिवशी मी पुढे काही शिकवलं नाही. पण ‘तुमच्या घरी मजुरी किती येते’ हे वर्गात कधी विचारू नका. शाळेनंतर तूही विड्या वळतेस का, हे तर सगळ्यांसमोर मुळीच नाही. कामगार संघटनेच्या एखाद्या बाईंना बोलवा, त्या स्वतःचं सांगतील, मुलं आपापलं जोडून घेतील.

युरोप परिषदेचं ‘कंपास’ हे मानवी हक्क शिक्षणाचं पुस्तक इंटरनेटवर मोफत आहे. लहान मुलांसाठी त्याचं भावंड ‘कंपासितो’. दोन्ही जाडजूड आहेत, त्यातून एकच खेळ घ्या, ‘एक पाऊल पुढे’. प्रत्येक मुलाला एक भूमिका चिठ्ठीवर गुपचूप द्यायची, सगळ्यांनी एका रेषेत उभं राहायचं, तुम्ही वाक्यं वाचायची, ज्याला लागू पडेल त्याने पाऊल पुढे टाकायचं. मूळ भूमिका तिकडच्या आहेत, त्या बदला. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा कामगार, ऊसतोडणीला गेलेल्या कुटुंबातली सहावीतली मुलगी, व्हीलचेअर वापरणारा विद्यार्थी, साखर कारखान्याच्या संचालकाचा मुलगा, तेलंगणातून नुकतीच लग्न होऊन आलेली आणि मराठी न येणारी सून. वाक्यंही आपली करा: ‘आजारी पडले तर लगेच डॉक्टरकडे नेतात.’ ‘पोलीस दिसले की भीती वाटत नाही.’ ‘सरकारी सूचना मला वाचता येते.’ खेळ संपल्यावर कोण कुठे उभं आहे ते बघायला लावा, मग भूमिका उतरवा, म्हणजे प्रत्येकाने आपलं खरं नाव मोठ्याने सांगायचं. हे वगळू नका, नाहीतर मागे राहिलेलं मूल तसंच घरी जातं. भूमिकांमध्ये जातीची नावं घालू नका. वर्गातल्या मुलांची खरी परिस्थिती तर कधीच नको.

हक्कांचा तास नीट चालला की मुलं सांगू लागतात. मारहाणीचं, शाळा सुटल्यानंतरच्या कामाचं, ताईचं लग्न ठरल्याचं. याची तयारी तास सुरू करण्यापूर्वीच हवी. मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक वर्गात लिहिलेला असू द्या. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा, आणि गावपातळीवर प्रतिबंधाची जबाबदारी ग्रामसेवकावर असते, हे तुम्हाला माहीत हवं. ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन मुलाला देऊ नका, तुम्हाला ते पाळता येणार नाही. ‘तुझ्या भल्यासाठी ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन, आणि तुला आधी सांगेन’ असं म्हणा. हे तुम्हाला जमणार नसेल तर हक्कांचे तास तूर्त घेऊ नका, आधी मुख्याध्यापक आणि एक विश्वासू सहकारी यांच्याशी बोलून व्यवस्था लावा. साहित्याच्या कुठल्याच संचात ही गोष्ट ठळक छापलेली मी पाहिलेली नाही, म्हणून इतकं लिहिलं.

जागतिक नागरिकत्वासाठी युनेस्कोचे दोन दस्तऐवज आहेत. २०१५ चा विषय आणि उद्दिष्टांचा, आणि २०२१ चा माध्यम-माहिती साक्षरतेचा मोठा अभ्यासक्रम. पहिल्यातले वयोगटांचे तक्ते नियोजनाला चांगले आहेत. दुसरा शिक्षक-प्रशिक्षकांसाठी आहे, वर्गात न्यायचा नाही. नकाशे, झेंडे, वेशभूषा यांचा ‘जागतिक दिन’ करू नका, त्याने जग म्हणजे स्नेहसंमेलन वाटतं.

त्याऐवजी टॉवेल घ्या. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, टॉवेल परदेशात जातो. कापूस कुठून आला, सूत कुठे निघालं, माग कुणी चालवला, शिलाई कुणी केली, बाहेरच्या दुकानात तो कुणी घेतला, आणि प्रत्येक टप्प्यावर कुणाच्या हातात काय पडलं, हा शोध मुलांना दोन आठवडे पुरतो. अर्ध्या मुलांच्या घरात कुणीतरी माग चालवलेला असतो. परदेशातल्या एका दुकानात मागणी घटली की आपल्या गल्लीत माग का थांबतो, हे त्यांना पुस्तकाआधी ठाऊक असतं. फक्त ते ज्ञान आहे असं त्यांना कुणी म्हटलेलं नसतं.

आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म १९१० चा, सोलापूरचा. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या चिनी सैनिकांवर त्यांनी उपचार केले, कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. शहरात त्यांचं स्मारक आहे, मुलांना पायी घेऊन जा. परत आल्यावर कौतुकाचा निबंध लिहून घेऊ नका. वाद घाला. ‘आपलाच देश पारतंत्र्यात होता, इथे डॉक्टर नव्हते, मग ते तिकडे का गेले?’ हा प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतं. पुढचा प्रश्नही येतो: ‘आणि १९६२ ला चीनने युद्ध केलं, त्याचं काय?’ या दोन प्रश्नांवर मुलं जे बोलतात ते जागतिक नागरिकत्वाच्या कुठल्याही व्याख्येपेक्षा भरीव असतं. तुम्ही निकाल देऊ नका. त्यांची पुण्यतिथी आणि मानवी हक्क दिन लागोपाठ येतात, तेव्हा तो आठवडा या पाठासाठी राखून ठेवा.

दुसऱ्या देशातल्या वर्गाशी बोलायची सोय झाली तर जरूर करा. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी हे करून दाखवलं. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला, त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांत वाटली. पण कॉल लावण्याआधी एक तास प्रश्न तयार करण्यात घालवा. ‘तुमच्याकडे काय खातात’ इथे थांबू नका. ‘तुमच्या शाळेत कुणाची भाषा बोलायला मनाई आहे का?’, ‘तुमच्या गावात अलीकडे कोणती अफवा पसरली?’ असं विचारा. हे जमलं नाही तर परदेशाची वाट बघू नका, शहरातल्याच उर्दू किंवा कन्नड माध्यमाच्या शाळेशी वर्ग जोडा. कित्येक मुलं तेवढ्या अंतरावर कधी गेलेली नसतात.

मुख्याध्यापकांसाठी एक पान तयार करा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात जागतिक नागरिकत्व शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांमध्ये ४.७ क्रमांकाचं लक्ष्य याच विषयांचं आहे. संविधानाच्या कलम ५१ मध्ये आंतरराष्ट्रीय शांततेला चालना देण्याचं राज्याचं धोरण सांगितलंय, आणि कलम ५१क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन आणि चिकित्सक वृत्ती हे नागरिकाचं कर्तव्य म्हटलंय. त्याखाली पाठ्यपुस्तकातले पाठ आणि तुमच्या तासांच्या तारखा लिहा. आणि स्वतःसाठी एक नियम ठेवा: चालू निवडणुकीतला उमेदवार किंवा पक्ष उदाहरण म्हणून घ्यायचा नाही, पण सरकार कोणाचंही असो, त्याच्या दाव्याला पुरावा मागायचा. हा नियम मुख्याध्यापकांना आधीच दाखवा. पालक सभेतही वाचून दाखवा, आणि त्याच सभेत पालकांना एक छापलेला फोटो देऊन जागा ओळखायला लावा. सभा लांबते, पण पुढच्या वेळी जास्त पालक येतात.

छापायला पैसे नसतील तर ‘एक पाऊल पुढे’च्या भूमिका आणि वाक्यं हातानेच लिहून काढा, जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवा. माझ्याकडचा संच तसाच आहे. दरवर्षीची मुलं त्यात एक-दोन नव्या भूमिका घालतात. अलीकडे एका गटाने घातलेली भूमिका अशी होती: ‘मी ग्रुपचा ॲडमिन आहे.’ तिच्यासाठी वाक्यं कोणती वाचायची, ते तुमच्या मुलांनाच ठरवू द्या.